तिला बसायला बरी पडेल अशी गाडी

ही रात्रीची गोष्ट नाही.

भर दुपारी साडेबारा वाजता, शिरूरमध्ये, गेल्या मे महिन्यातल्या एका गुरुवारी हे सुरू झालं. डांबर पायाला चिकटेल असं ऊन होतं. ज्याच्यासोबत घडलं तो गोकुळ सणसवाडीत माझ्या शेजारच्या खोलीत राहतो. कुणाला थाप वाटत असेल तर खुशाल वाटू दे. यातला शेवटचा भाग मी स्वतः पाहिलाय. तो पाहिला नसता, तर मीही हे लिहायला बसलो नसतो.

गोकुळ मूळचा राहूचा. वय अठ्ठावीस. आमच्या चाळीत प्रत्येकाच्या दारात गाडी, याच्या दारात चप्पल. कुणी विचारलं की ठरलेलं उत्तर.

"मला गाडी येत न्हाई."

पण त्याला रांजणगावला नवं काम लागलं. पहाटेची पाळी, आणि कंपनीची बस नाही. नाइलाजानं त्यानं लर्निंग लायसन्स काढलं आणि पोपटला बरोबर घेतलं. पोपट त्याचा जुना सोबती, आधी दोघं कंपनीत एकाच लाइनवर कामाला होते. गाड्यांतला पक्का जाणकार.

"पयली गाडी घेताना पिकअप बघायचं न्हाई," पोपटनं शिरूरच्या शोरूमच्या दारातच सांगितलं. "बसल्यावर दोन्ही टाचा टेकतेत का बघ. आन् हलकी बघ. एकदा तरी पडणारच हायेस, तवा उचलता आली पायजे."

पहिली चालवून बघायला घेतली ती दीडशे सीसीची, काळी. शोरूमच्या मागं प्लॉटिंगचा मोकळा रस्ता होता. गोकुळनं क्लच हळू सोडला. गाडी न झटकता निघाली. पोपटला नवल वाटलं. गाडी येत नाही म्हणणारा माणूस असा क्लच सोडत नाही.

पहिला गिअर. दुसरा.

आणि मग…

गाडी मागून खाली बसली.

खड्डा नव्हता. दगड नव्हता. कुणीतरी चालत्या गाडीवर येऊन बसावं, आणि बसल्यावर पदर सावरत जरा सरकून घ्यावं, तसं ते वजन सरकलं. डावीकडं. हँडल ओढू लागलं.

गोकुळनं आरशात पाहिलं.

मागं सीट होती. सीटच्या मागं रस्ता होता. बाकी काही नाही.

तो परत आला तेव्हा घामानं शर्ट अंगाला चिकटला होता. "शॉकअप गेल्यात हिचे," तो म्हणाला. पोपटनं सीटवर दोन्ही हातांनी जोर देऊन पाहिलं. गाडी कोरी होती. शॉकअप टणक.

"दुसरी बघू," गोकुळ म्हणाला.

दुसरी उंच होती, पोरांच्या आवडीची. मागची सीट तळहाताएवढी. त्यानं मुद्दाम तीच मागितली. हिच्यावर साडी नेसलेली बाई बसूच शकत नाही, असा त्याचा हिशोब. हे त्यानं पोपटला सांगितलं नाही.

शंभर पावलं गाडी सरळ गेली. त्याला हायसं वाटलं.

मग वजन आलं… घसरलं…

आणि तोल सावरायला त्याच्या खांद्यावर हात पडला.

चार बोटं त्याला वेगवेगळी कळली. कानाजवळ काचेच्या बांगड्या वाजल्या.

त्यानं करकचून ब्रेक दाबला आणि गाडी आडवी केली. गुडघा सोलवटला. शोरूमवाल्याची बोलणी खाऊन दोघं परतले. पोपट वाटभर हसत होता.

पुढच्या गुरुवारी पोपट त्याला चौफुल्याला घेऊन गेला. तिथं चांगदेव नावाचा माणूस जुन्या गाड्या विकायचा. नवशिक्याला जुनी बरी, पडली तरी जीव जळत नाही, असं पोपटचं म्हणणं. शंभर सीसीची लाल गाडी काढली. गोकुळ बसला, किक मारली. चांगदेव तंबाखू मळत शेजारीच उभा होता. त्यानं मान वर केली आणि अगदी सहज म्हणाला,

"ताई, नीट धरून बसा बरं का. नवशिका हाय त्यो."

गाडी बंद पडली.

"कुणाला म्हणला तुम्ही?" गोकुळनं विचारलं.

चांगदेवनं मागच्या सीटकडं पाहिलं. मग गोकुळकडं. पुन्हा सीटकडं. त्याच्या हातातली तंबाखू खाली सांडली. पुढं होऊन त्यानं चावी काढून घेतली.

"ही गाडी इकायची न्हाई मला," तो म्हणाला. "जावा तुम्ही."

पोपटचं हसू तिथंच थांबलं. समोरच्या हॉटेलात बसल्यावर गोकुळनं त्याला सांगितलं. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं.

गोकुळला एक थोरली बहीण होती. प्रतिभा. केडगावच्या पलीकडच्या एका वस्तीवर दिलेली. लग्नाला चार वर्षं झाली होती. माहेरी आली की लांब बाह्यांचं पोलकं घालायची, उन्हाळ्यातही. घरात सगळ्यांना दिसायचं. कुणी बोलायचं नाही.

तीन वर्षांपूर्वी अशाच मे महिन्यात, दुपारी साडेबाराला तिचा फोन आला.

"गोक्या, मला न्यायला ये. आत्ता ये. स्टेशनच्या फाट्यावर उभी हाय मी."

गोकुळ घरीच होता. अंगणात चुलत्याची गाडी उभी होती. महिनाभर तो तिच्यावर शिकत होता. त्या दिवशी सकाळीच पारगावला जाऊन बाजार घेऊन आला होता. केडगाव म्हणजे अर्ध्या तासाची वाट.

त्यानं वडिलांकडं पाहिलं. हरिबा ओसरीवर बसले होते. त्यांनी फोनमधलं सगळं ऐकलं होतं.

"नांदती लेक भर दुपारी गाडीवर घालून आणली, तर भावकीत तोंड दाखवायचं का आपण?" हरिबा म्हणाले. "उद्या बघू. सांग तिला, गाडी येत न्हाई म्हणावं."

आणि गोकुळनं सांगितलं.

"ताई, मला गाडी येत न्हाई."

मग ती म्हणाली, "बरं."

फाट्यावरच्या रसवंतीवाल्यानं नंतर सांगितलं, ती पाच वाजेपर्यंत बाकड्यावर बसून होती. प्रत्येक गाडीचा आवाज आला की उठून उभी राहायची. पाचनंतर उठली आणि सासरच्या वाटेनं चालू लागली.

तिसऱ्या दिवशी निरोप आला. विहिरीवर पाय घसरला म्हणे.

कुणी विचारलं नाही. हरिबांनी जावयाच्या शेजारी बसून तेराव्याचं जेवण केलं. गोकुळनं त्या दिवसापासून गाडीला हात लावला नव्हता.

पोपटनं चहा तसाच ठेवला. "गाडीबिडी राहू दे बाबा. खोली बदल, रांजणगावला जाऊन ऱ्हा," तो म्हणाला.

पण गोकुळ चौफुल्यावरून थेट राहूला घरी गेला. आई, गिताबाई, भाकरी थापत होती. त्यानं चुलीपुढं बसून सगळं सांगितलं. वाटलं, आई घाबरेल, देवऋष्याकडं धाडेल, रडेल.

गिताबाई रडल्या नाहीत. तव्यावरची भाकरी त्यांनी उलटली आणि विचारलं,

"कुठली गाडी बरी पडली तिला बसायला?"

गोकुळला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"लांब सीटाची बघ," त्या म्हणाल्या. "साडी चाकात जाऊ नये म्हणून जाळी अस्ती बघ, ती लावून घे. धरायला मागं दांडी पायजे. तुझ्या टाचा टेकू दे न्हाईतर न टेकू दे."

ओसरीवर हरिबा खोकले. कुणी तिकडं पाहिलं नाही.

गोकुळनं तशी गाडी घेतली. साधी, शंभर सीसीची, लांब सीटची. पोपट आला नाही. हार घातला, नारळ फोडला, आणि सुट्टीच्या दुपारी गोकुळ एकटाच केडगावच्या फाट्यावर जाऊन उभा राहिला. गाडी चालू ठेवून. रसवंती बंद होती. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं.

साडेबारा वाजले.

"ताई," तो म्हणाला, "चल."

काही नाही…

मग गाडी हळूच खाली बसली.

राहूपर्यंत तो वीसच्या पुढं गेला नाही. मागं अधूनमधून बांगड्या वाजत होत्या. खांद्यावर हात नव्हता. तो वाट बघत होता, ती हात ठेवेल म्हणून. तिनं ठेवला नाही.

अंगणात गिताबाई भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. लेक माहेरी आली की ओवाळून टाकतात तसा. त्यांनी मागच्या सीटसमोर तुकडा ओवाळला, पाणी फिरवून टाकलं.

"ये बाई," त्या म्हणाल्या.

वजन हललं नाही.

"ये गं. घर तुझंच हाय."

गाडी तशीच दबलेली.

गिताबाईंना समजलं. त्या वळल्या. ओसरीवर हरिबा भिंतीला टेकून बसले होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. म्हणजे त्यांनाही काहीतरी दिसत होतं, हे नक्की.

"तुम्ही म्हणा," गिताबाई म्हणाल्या. "तुम्ही म्हणल्याबिगर यायची न्हाई ती."

हरिबांचे ओठ हलले. गोकुळ शपथेवर सांगतो, ते म्हणणार होते.

पण शेजारच्या बांधावरून कुणीतरी येत होतं. भावकीतलंच. हरिबांनी तिकडं पाहिलं. मग ते उठले, आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

गाडी वर आली.

बस्स. एवढंच. सीट वर आली आणि मागं कुणी राहिलं नाही. गोकुळ त्या दिवसापासून रोज रांजणगावला जातो-येतो. गाडी हलकी चालते. फाट्यावर तो अजून चार वेळा जाऊन थांबला. कुणी बसलं नाही.

मग ती उतरून गेली कुठं?

ते मला दिवाळीनंतर कळलं असं वाटतं. गोकुळबरोबर मी राहूला गेलो होतो. दुपारची जेवणं झाली. बाराच्या सुमाराला हरिबा आत गेले आणि त्यांनी कडी लावली. रोजचंच आहे, गोकुळ म्हणाला. मी ओसरीवर, दारापासून दोन हातांवर बसलो होतो. शेजारी गिताबाई सुपात बाजरी निवडत होत्या.

साडेबाराला आतून हरिबांचा आवाज आला.

"कोण हाय?"

मी दाराकडं पाहिलं. कुणी नव्हतं. कुणी दार वाजवलं नव्हतं. मी तिथंच होतो, मी सांगतो, साधा खडाही वाजला नव्हता.

"कोण हाय?" पुन्हा. या वेळी आवाज फाटलेला. "गिता, अगं, कोण दार वाजवतंय?"

मी बोलणार होतो, हरिबाआप्पा, कुणी नाही. गोकुळनं माझं मनगट धरलं.

गिताबाईंनी सुपातून मान वर केली नाही. एक खडा वेचला. अंगणात टाकला.

"उघडून बघा की," त्या म्हणाल्या.

दार उघडलं नाही. पाच वाजेपर्यंत ते आतून विचारत राहिले. पाचला थांबले.

त्यानंतर मी राहूला गेलेलो नाही. पण सुट्टीच्या दिवशी दुपारी खोलीत एकटा असलो, की मी आता दार लावत नाही. ऊन आत येतं, धूळ येते. येऊ दे.