आमेन झाल्यावर आलेली हाक

हे खरं हाय. शपथ घेत न्हाय, आमच्या ख्रिस्ती लोकांत शपथ चालत न्हाय. चालत असती तर घेतली असती.

सिंधू, हसू नको. फरिदा, तू ते शिवणमशीन थांबव जरा. त्या खडखडीत मला सांगता येत न्हाय.

साल छप्पन. मे महिना. गाव लासुर्णे, आमचंच घर. आणि वेळ रात्रीची न्हाय...

भर दुपारचे बारा.

"दुपारी कुठं भुतं असतात?" तू असंच म्हणणार, फरिदा, मला ठाऊक होतं. मी भूत म्हटलं का? ते काय होतं ते मला आजबी म्हणता येत न्हाय.

ऐका.

आई मी लहान असतानाच गेली. घरात बाबा आणि मी. बाबा शाळेत मास्तर. घर गावाच्या कडंला, मागं कालव्याची चारी, पलीकडं ऊस. घड्याळ न्हवतं आमच्याकडं. लांबनं कारखान्याचा भोंगा यायचा, बरोबर बाराला. अख्खं गाव त्याच्यावर जेवायला बसायचं.

तो भोंगा ध्यानात ठेवा.

मे लागला आणि बाबांना ताप भरला. मुदतीचा. डॉक्टरनं बाटली दिली, ताप काय हलला न्हाय. म्हणून मार्थाआत्या आली, जळोचीवरनं. बाबांची थोरली बहीण. विधवा, पोरबाळ न्हाय. बाबांना तिनंच वाढवलेलं. बाबा म्हणजे तिचं सगळं.

आत्याची प्रार्थना लई नावाजलेली. सांगवीपासनं लोक यायचे. तिची रीत ठरलेली. आधी उपकार मानायचे. मग चुका कबूल करायच्या. मग मागणं. आणि आमेन म्हटल्यावर उठायचं न्हाय. पदर डोक्यावर घेऊन तशीच बसायची, एकेकदा अर्धा तास.

मी लहानपणी विचारायची, "आत्या, काय करतीस ग एवढा वेळ?"

"जबाब ऐकते. आपणच बोलायचं आणि उठून जायचं, हे काय बोलणं झालं व्हय?"

पण त्या मे महिन्यात ती लई थकलेली दिसायची. चौदा दिवस रात्रंदिवस बाबांच्या उशाशी. चौदाव्या दिवशी भांडी घासता घासता मला हळूच म्हणाली, "एस्तेर, कुणाला सांगू नको. दोन वर्षं झाली, मला जबाब येत न्हाय."

"आधी यायचा? आवाज?"

"आवाज न्हाय ग. आत हलकं वाटायचं. कुणीतरी आपलं ऐकून घेतलं असं. आता घागर सोडते आणि कोरडीच वर येते."

"मग लोकांना न्हाय म्हणावं की."

"दारात उभं राहिलं की न्हाय कसं म्हणू? परवा तो म्हस्कू आला, म्हैस हरवली म्हणून. देवाला आता म्हशीची शिंगं सांगत बसू का?"

हसली. पण डोळे हसले न्हाईत.

अजून एक सांगते, त्याशिवाय कळायचं न्हाय. आमच्या शेजारी सरुबाई. वयस्क, लई मायाळू. तिचं एक ठाम होतं. कुणी हाक मारली, माणूस दिसत नसलं, तर तीन हाका झाल्याबिगर ओ द्यायची न्हाय.

"माणूस असंल तर तिसऱ्यांदा मारतंच," म्हणायची. "हाकामारी दोनवरच थांबती. तिला ओ दिली की माणूस तिचं झालं."

आणि आमाला रविवारच्या शाळेत शिकवलेलं बरोबर उलटं. देव माणसाला नावानं हाक मारतो. पहिल्या हाकेला उठायचं. म्हणायचं, मी हाय, बोल.

आत्या सरुबाईला चिडवायची, "आमच्या देवाला काय दारात ताटकळत ठेवू का, तीन हाका होईपर्यंत?"

"ठेवा की. देव हाय न्हवं? दमायचा न्हाय."

पंधरावा दिवस.

बाबांचे ओठ काळे पडलेले. सकाळपासनं मला ओळखत न्हवते. सरुबाई पेज घेऊन आली, उंबऱ्यात बसली. आत्यानं हात धुतले, गुडघे टेकले.

"आज मी जबाब घेतल्याबिगर उठणार न्हाय," म्हणाली.

लई साधं मागितलं तिनं. "माझा भाऊ दाविद मला ठेव. त्याच्या बदली काय लागंल ते माग."

आमेन.

मग ती गप्प बसली. मी बाबांना पंखा घालत होते. मनात आलं, आता भोंगा व्हायला पाहिजे. सावली उंबऱ्याला लागली होती. म्हणजे बारा झालेच.

भोंगा झाला न्हाय.

आढ्याला चिमण्या होत्या, सारखा कलकलाट. त्या...

गप्प झाल्या.

चारीचं पाणी वाजायचं मागं, दिवसरात्र. तेबी...

न्हाय.

मी पंखा हलवत होते. पंख्याचा आवाज येत न्हवता.

आणि मग घरामागनं, चारीच्या अंगानं...

"चंद्रे..."

एकदाच. मोठ्यानं न्हाय. भीती वाटावी असाबी न्हाय. आवाज दमलेला होता, बघा. लई दिवस कुणालातरी शोधून दमलेलं माणूस हाक मारतं ना, तसा.

मी म्हटलं, चंद्रा कोण? हितं तर कुणी चंद्रा न्हाय.

सरुबाईनं ऐकलं होतं. तिनं एक हात तोंडावर ठेवला आणि दुसऱ्या हातानं आत्याला खुणावलं. नको, नको, नको. तिच्या मांडीवरनं पेजेचा तांब्या फरशीवर पडला.

पडल्याचा आवाज झाला न्हाय.

आत्यानं तिच्याकडं बघितलंबी न्हाय. ती उठली. दोन वर्षांचा शीण तोंडावरनं पुसल्यासारखा गेला होता. एवढी आनंदात मी तिला कधीच बघितली न्हवती.

"मी हाय," ती म्हणाली. "बोल."

पुढं तो आवाज काय बोलला ते मला ऐकू आलं न्हाय. ती भिंतीकडं तोंड करून उभी. मान हलवत होती.

"व्हय."

"व्हय..."

मग बराच वेळ काय न्हाय. मग हळू...

"चालंल."

एकदम चिमण्या ओरडायला लागल्या. पाणी वाजायला लागलं. आणि बाजेवरनं बाबा म्हणाले, "एस्तेर, पाणी दे ग."

कपाळाला हात लावला. गार. घामानं भिजलेलं.

मी रडायलाच लागले. सरुबाई मात्र आत आली न्हाय. उंबऱ्यातनंच विचारलं, "मार्थाबाई, चंद्रा कोण?"

"मीच," आत्या म्हणाली. "बाप्तिस्म्याच्या आधीचं नाव माझं. पंचवीस वर्षांत कुणी घेतलं न्हवतं."

"आणि भोंगा?"

"कसला भोंगा?"

सरुबाईच्या घरी, चार पावलांवर, सगळ्यांनी भोंगा ऐकला होता. रोजच्यासारखा.

सिंधू, तू माझा हात धरलास ते बरं केलंस. धरून ठेव.

बाबा बरे झाले. आणि आत्याची प्रार्थना फळायला लागली... सगळीच. म्हस्कूची म्हैस सापडली. कुणाची पोटदुखी गेली, कुणाचा मुलगा घरी आला. दारात रीघ. रोज बाराला आमच्या घरात भोंगा ऐकू यायचा न्हाय, आणि आत्या भिंतीकडं तोंड करून उभी राहायची.

मला वाटलं, आता ती सुखात असंल.

ती वाळत चालली. जेवण दोन घास. रात्री बसूनच.

"आत्या, झोप की."

"बोलतंय ग. आता बाराला म्हणून न्हाय, सारखंच बोलतंय." तिनं डोकं भिंतीला टेकवलं. "आधी ऐकू येत न्हवतं म्हणून दमले होते. आता थांबत न्हाय म्हणून दमते."

"काय बोलतं?"

"कुणासाठी मागायचं ते सांगतं." तिनं भिंतीवरनं डोकं उचललं. "आणि कुणासाठी न्हाय मागायचं ते."

श्रावणात सांगवीची रंगूबाई आली, कडेवर पोरगी. पोरीला धाप लागलेली. आत्यानं पोरीला बघितलं आणि मागं सरकली.

"मला मनाई हाय," म्हणाली.

"कुणाची वो बाई? पाया पडते तुमच्या."

आत्या रडत होती. पण गुडघे टेकले न्हाईत तिनं.

पोरगी चौथ्या दिवशी गेली.

मग मी न राहवून हितं बारामतीला चर्चच्या पाळकसाहेबांना पत्र टाकलं. म्हातारा माणूस, आत्याचा बाप्तिस्मा त्यांनीच केलेला. सायकल मारत आले. सगळं ऐकून घेतलं. एकच विचारलं...

"कोणत्या नावानं हाक मारली?"

"चंद्रा."

त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

आत्या म्हणाली, "देवाला जुनं नाव ठाऊक नसतं का, साहेब?"

"असतं की."

"मग?"

"मला न्हाय सांगता येत, मार्था. तीस वर्षं मी लोकांना सांगतोय, ऐका, तो बोलतो. मला स्वतःला आवाज कधी आला न्हाय." एवढं बोलून ते एकदम म्हातारे दिसले. "पण एक करून बघ. त्याला प्रभूचं नाव घ्यायला लाव."

बारा वाजायची वाट बघितली आमी. बाबा आतल्या खोलीत वह्या तपासत होते.

चिमण्या गप्प झाल्या. पाणी थांबलं. पाळकसाहेबांनी कानाला हात लावला. त्यांनाबी ते कळलं, मी बघितलं.

आत्या म्हणाली, "तू कोण हाईस ते सांग. प्रभूचं नाव घे."

काय न्हाय.

"घे की. मी एवढं तुझं ऐकते."

काय न्हाय...

आणि मी आत बघितलं. बाबांची बाज हलत होती. ते आडवे झाले होते, थडथड उडत होते, दात आवळलेले. तीच काळी पडलेली जिवणी. पण आवाज कशाचाच न्हाय. बाजेचा न्हाय. मी ओरडले त्याचाबी न्हाय.

आत्यानं एकदा बाबांकडं बघितलं. एकदा साहेबांकडं. तिचे ओठ हलले, त्यावरनं मला कळलं.

"मला माफ करा, साहेब. तो देव न्हवं, तर माझा भाऊ कुणी ठेवला?"

मग भिंतीकडं वळली. हे मात्र ऐकू आलं. त्याच्याशी बोललेलं तेवढंच ऐकू येत होतं.

"मी हाय. बोल."

बाबा शांत झाले. अंग गार.

पाळकसाहेबांनी सायकल गावच्या वेशीपर्यंत हातानंच नेली, बसले न्हाईत. मी सोबत होते. म्हणाले, "एस्तेर, तिच्यासाठी प्रार्थना कर."

मी विचारलं, "आणि आमेन झाल्यावर? ऐकायला थांबू?"

ते सायकलवर बसले आणि निघाले.

आत्या नाताळाच्या आधी गेली. मागच्या भिंतीशी, गुडघ्यावर, पदर डोक्यावर. वेळ बाराची. चेहऱ्यावर भीती न्हवती, आनंदबी न्हवता. नुसती दमलेली. त्या दिवसापासनं घरात भोंगा परत ऐकू यायला लागला.

सव्वा वर्ष झालं. बाबांना साधी सर्दीबी झाली न्हाय. मी हितं शिवण शिकायला आले. प्रार्थना करते रोज. पण आमेन म्हटलं की लगेच उठते. सिंधू, तू म्हणतीस ना, एवढी घाई कसली तुला? ही घाई. देवाला खरंच मला काय सांगायचं असंल, तर तो बोलायच्या आत मी निघून गेलेली असते. त्याचं वाईट वाटतं. पण थांबायची हिंमत होत न्हाय.

आज थांबले.

सकाळी पत्र आलं. सरुबाईनं कुणाकडनं तरी लिहून घेतलंय. बाबांना ताप हाय. आठवा दिवस. सारखी माझी चौकशी करतात म्हणे, आणि मधीच "चंद्राअक्का" म्हणून हाका मारतात.

म्हणून मी मघाशी खोलीत जाऊन गुडघे टेकले. मागितलं. आमेन म्हटलं. आणि बाबांसाठी म्हणून बसून राहिले.

फरिदा, आज बाराची शाळेची घंटा झाली ना?

झाली? तू ऐकलीस?

मी न्हाय ऐकली.

मी फक्त माझं नाव ऐकलं. एकदा. दमलेल्या आवाजात. आणि मी उठून तुमच्याकडं पळत आले.

आत्याला दोन नावं तरी होती. मला जन्मापासनं एकच. मी कशावरनं ओळखू? सरुबाईच्या हिशोबानं अजून दोन हाका बाकी हायत. रविवारच्या शाळेत शिकवलं त्या हिशोबानं मला कवाच उशीर झालाय. आणि तिकडं बाबा...

जाऊ दे. लई बोलले. फरिदा, चालव तुझं मशीन. जोरात चालव, मला बरं वाटंल.

चालव की ग.

फरिदा?

तुझा पाय तर हलतोय. चाक फिरतंय...

मग मला खडखड का ऐकू येत न्हाय?