बर्फावर निळ्या चौकडीचा रुमाल

लुसिंदाच्या धाकटीचा बाप्तिस्मा झाला, ते १९७९ साल. लुसिंदा माझी थोरली बहीण. तिच्या पोरीचा धर्मपिता कोण होणार हे फार आधीच ठरलेलं होतं... आमचा भाऊ रेनान. पण सहा वर्षांपूर्वी सैनिक रेनानला घेऊन गेले, ते गेलेच. आई म्हणाली, "धर्मपिता तोच. त्याची जागा रिकामी ठेवा." पाद्री भला माणूस. त्यानं रिकाम्या जागेकडे बघून प्रश्न विचारले आणि उत्तर यायला जेवढा वेळ लागला असता, तेवढा तो थांबला.

त्याच हिवाळ्यात सान्तियागोत, आमच्या चिलीच्या राजधानीत, बर्फावर नाचणारी कंपनी आली.

कंपनी युरोपातली. शहरातल्या मोठ्या, छप्पर असलेल्या क्रीडागृहात त्यांनी जमिनीवर गारव्याच्या नळ्या अंथरल्या, वर पाण्याचे थर दिले आणि बर्फ जमवला. कपडे दुरुस्त करायला बायका हव्यात असं कळलं, तशी मी धावत गेले. कामासाठी नाही. जनरलनं राज्य बळकावलं त्या सप्टेंबरात माणसं धरून ह्याच इमारतीत कोंडली होती. सुटून आलेल्या एका शेजाऱ्यानं सांगितलं होतं, "खालच्या कपडे बदलायच्या खोलीत रेनान पट्ट्याच्या बक्कलनं भिंतीवर नाव कोरत होता." त्यानंतर आम्हां घरच्यांना त्या दारातून कुणी आत सोडलं नाही. आता ते दार उघडलं होतं, मण्यांचे झगे शिवणाऱ्यांसाठी.

तर पहिल्याच दुपारी मी त्या खोलीत गुडघ्यांवर बसून भिंतीचा हिरवा रंग कात्रीच्या टोकानं खरवडत होते, आणि मागून आवाज आला—

"ओल आलीय का?"

मी दचकून वळले. दारात एक उंच माणूस. पायात पात्यांचे बूट, एक हात मागे धरलेला.

"हो... ओलच."

"आणि तुमच्या देशात ती कात्रीनं सुकवतात?"

"तुम्हाला काय हवंय?"

"माझी विजार मागून उसवलीय. वळून दाखवलं असतं, पण आपली ओळख अजून तेवढी झालेली नाही."

मी हसले. त्या खोलीत हसले, आणि लगेच मला स्वतःची लाज वाटली. तोंडावर हात ठेवला. त्यानं ते पाहिलं, पण विचारलं काही नाही. नाव सांगितलं, "बेन्यात."

"हे कसलं नाव?"

"बास्क. स्पेनच्या उत्तरेकडचा आहे मी. आमच्या जनरलनं असल्या नावांवर बंदी घातली होती. कागदावर मी बेनितो, घरात बेन्यात."

"मग आता काय झालं त्या जनरलचं?"

"चार वर्षांपूर्वी गेला. म्हातारा होऊन, पलंगावर."

"आमचाही तसाच जाईल," मी बोलून गेले.

त्यानं आधी मागे वळून दार लोटलं, मग माझ्याकडे पाहिलं. माणूस कसल्या राज्यात वाढलाय, हे तेवढ्यावरून कळतं.

मग तो रोज यायला लागला. कधी बाही, कधी काठ, कधी बटण.

"सुईवाली, बटण तुटलं हो."

"कालच लावलं होतं मी. तुम्ही तोडलंत."

"पुरावा?"

"दोरा दातानं तोडलाय. बर्फाला दात नसतात."

"असतात. तुम्ही कधी पडला नाहीत म्हणून माहीत नाही."

असं बोलताना तो दुसरीकडे बघायचा, आणि मी सुईत दोरा ओवताना उगाच चुकायचे.

कंपनी ज्या देशात जायची, तिथला एक नाच बर्फावर करायची. आमच्याकडे अर्थातच क्वेका, रुमाल हातात घेऊन जोडीनं नाचतात तो. बेन्यात आणि त्याची जोडीदारीण गेर्लिंदा तो करणार होते. ती ऑस्ट्रियाची, अबोल, पण मनानं चांगली.

"आम्हाला शिकवणारा मास्तर म्हणतो, मी वेटरसारखा रुमाल हलवतो," बेन्यात एकदा म्हणाला.

"बरोबरच म्हणतो. टेबल पुसताय असं वाटतं."

"मग दाखवा ना."

मी सुई खाली ठेवली. "हा कोंबडा-कोंबडीचा नाच आहे. भिडायचं नाही. जवळ जायचं, अर्धा फेर घ्यायचा, परत फिरायचं. नजर मात्र सोडायची नाही."

"स्पर्श?"

"रुमालाचा. तोही झाला तर."

"कंजूष देश आहे तुमचा."

"धीराचा आहे."

मी टाचा वाजवून फेर धरला. बेन्यात समोर येऊन उभा राहिला, आणि माझा हात आपोआप आडवा झाला.

"तिथे नको उभं राहूस," मी म्हणाले. आमच्यात 'अहो' संपलं ते तेव्हाच.

"का?"

मग सांगितलं. आमच्या ज्या बायकांची माणसं नेलीयत, त्या क्वेका एकट्या नाचतात. समोरची जागा तशीच ठेवतात. फेर त्या जागेभोवतीच घेतात, नजरही तिथेच. मी सहा वर्षांत दुसऱ्या कुणाबरोबर नाचले नव्हते. मग रेनानचं सांगितलं, भिंतीचंही.

तो खाली बसला, एक बूट काढला आणि पात्याच्या टाचेनं माझ्या शेजारची भिंत खरवडू लागला. प्रेमात पडलेली माणसं काय काय करतात... आम्ही भिंत खरवडली. हिरव्याखाली पिवळट रंग निघाला, त्याखाली चुना, त्याखाली सिमेंट. नाव नव्हतं. आधी कुणीतरी गिलावा नव्यानं केला असावा.

त्यानं माझ्या केसांतला चुना झटकला. तेवढंच. त्याच्या बोटांना बर्फाचा गारठा होता, तरी मला कानापर्यंत ऊब आली.

शेवटच्या खेळाला जनरलची बायको येणार असं जाहीर झालं, आणि आमचं भांडण झालं. कंपनीची रीत अशी, की शेवटच्या नाचानंतर जोडीनं मानाच्या सज्ज्यासमोर थांबायचं आणि बर्फावर गुडघा टेकून वाकायचं.

"तुम्ही इथं यायलाच नको होतं," मी म्हणाले.

"वरच्या स्वस्त बाकांवर पोरं बसतात, नोल्फा. मी उडी मारली की किंचाळतात. त्यांनी काय केलंय? त्यांनी एक संध्याकाळसुद्धा हसू नये?"

"हसू दे की. पण उद्या पेपरात त्यांचेच हसरे चेहरे छापतात. खाली लिहितात, देश सुखात आहे. तुझ्या बर्फाखाली काय आहे ते दिसत नाही. म्हणूनच त्यांना बर्फ आवडतो."

तो बाकावर बसला. "मी नऊ वर्षांचा असताना आमच्या जनरलच्या बायकोसमोर नाचलो होतो. तिनं मला चॉकलेटचा डबा दिला. माझे काका तेव्हा तुरुंगात होते. बाबा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मी ती चॉकलेटं संडासात लपून खाल्ली." मग म्हणाला, "छान होती. तेच तर वाईट."

मला त्याचा राग धरता येईना.

"ह्या वेळी मी एकटा नाचतो," तो एकदम म्हणाला. "तुमच्या बायकांसारखा. रिकाम्या जागेभोवती. तिच्यासमोर."

"वा! टाळ्या घेऊन तू विमानात बसशील. मग ते विचारतील, ह्या परक्याला हे कुणी शिकवलं? आणि कपडे शिवणाऱ्या बायका किती आहेत रे इथे?"

त्याचा चेहरा उतरला. त्यानं हा विचार केलाच नव्हता. बाहेरून येणारी चांगली माणसं नेहमी तिथेच चुकतात.

"मग मी नाचतच नाही."

"दुसरा नाचेल. तू आजारी आहेस म्हणून सांगतील."

"मग करू काय मी?"

"मला नको विचारूस." मी दारापर्यंत गेले आणि परत आले. "नाही... मलाच विचार. मला विचारल्याशिवाय काही करू नकोस."

"विचारतोय," तो म्हणाला.

घरी आई रॉकेलच्या शेगडीजवळ बसली होती. शेगडीवर संत्र्याची साल ठेवली होती, तिचा वास घरभर. मी तिला सगळं सांगितलं.

"मुलगा कसाय?" आईनं विचारलं.

"पाय लांब आहेत. बोलतो फार."

"ते नाही गं. जेवतो का नीट?"

"आई!"

"न जेवणाऱ्याचा भरवसा नसतो, म्हणून विचारलं." मग ती उठली आणि उशीखालून रेनानचा शर्ट काढला. निळ्या चौकडीचा. सहा वर्षांत तिनं तो धुऊ दिला नव्हता. तो माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "मागची बाजू काप. पुढची राहू दे. तो आला तर पुढून नीट दिसायला हवा."

"आणि मला नेलं तर, आई?"

तिनं शेगडीवरची साल उलटली. "शर्ट माझा, तो मी दिला. मान तुझी आहे, पोरी. ती तू ठरव."

मी विचारात रात्र घालवली नाही. लगेच बसले, शर्टाच्या पाठीतून रुमाल कापला आणि चारी बाजूंनी बारीक दुमड घातली. टाका सरळ पडला.

शेवटच्या खेळाच्या दिवशी पडद्यामागे मी रुमाल त्याच्या हातात दिला. कापड ओळखायला त्याला वेळ लागला नाही, शर्टाचं सांगितलं होतं मी.

"नक्की?" त्यानं विचारलं.

"शिवण बारीक आहे. ओढू नकोस."

प्रेमाची कबुली म्हणून मी आयुष्यात एवढंच बोलले.

गेर्लिंदा शेजारच्या खुर्चीवर बसून बुटाची नाडी सोडत होती. तिच्या मोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणाली, "मी शूर नाही. पण माझा घोटा आज फार दुखतोय."

गिटार सुरू झाली. क्वेका सुरू झाला की आमच्याकडे लोकांचे हात आपोआप वाजतात, तसे सगळ्या क्रीडागृहाचे वाजू लागले. बेन्यात एकटा बर्फावर आला. लोकांना वाटलं, ती मागून येईल. त्यानं मान लववली, हात पुढे केला—कुणालाच नाही. अर्धा फेर घेतला. परत फिरला. रुमाल वर. नजर त्या एका जागेवर, जिथे कुणी नव्हतं.

टाळ्या आधी मानाच्या बाकांवर थांबल्या. मग मधल्या. मग सगळ्याच. गिटार वाजत होती आणि खाली पाती बर्फ कापत होती, भिंत खरवडल्यासारखा आवाज. पांढऱ्या उजेडात माझ्या भावाची पाठ फिरत होती.

मग वरून, अगदी वरच्या स्वस्त बाकांवरून, दोन हात वाजू लागले. ठेक्यात. मग आणखी कुणाचे. कुणाचे ते मला कधीच कळलं नाही.

शेवटी तो सज्ज्यासमोर गेलाच नाही. त्या रिकाम्या जागेसमोर आला आणि तिथे गुडघा टेकला.

पडद्यामागे साध्या कपड्यांतले दोघे पोलीस उभेच होते. कंपनीचा व्यवस्थापक त्यांच्याशी हात जोडून बोलत होता, मुलाला ताप आहे, भ्रम झालाय, सकाळच्या विमानानं पाठवतो. बेन्यात माझ्याजवळून गेला तेव्हा थांबला नाही. थांबला असता तर मला ओळखलं असतं त्यांनी. रुमाल मात्र त्यानं दुरुस्तीच्या टोपलीत टाकला, माझ्या कपड्यांच्या ढिगात.

मला चौकशीला दोनदा बोलावलं. दुसऱ्या वेळी घरी यायला बरेच दिवस लागले, आणि त्याबद्दल मी इथे सांगणार नाही. कुणी शिकवलं, हाच त्यांचा प्रश्न. मी म्हणायचे, "साहेब, क्वेका तर शाळेत शिकवतात." खरंच होतं ते. त्याच वर्षी सरकारनं क्वेका राष्ट्रीय नाच म्हणून जाहीर केला.

कंपनीनं बेन्यातला काढून टाकलं. तो आपल्या गावी पोरांना बर्फावर उभं राहायला शिकवू लागला. पत्रं पाठवायचा. घरच्यांच्या नावांपलीकडे मला वाचता येत नव्हतं, लुसिंदा मोठ्यानं वाचायची आणि गोड मजकूर आला की खोकायची. खोकल्यामागे काय आहे ते कळावं म्हणून मी पस्तिशीत लिहायला-वाचायला शिकले. 'इकडे ये,' असं तो दर पत्रात लिहायचा. मी लिहायचे, 'आई दाराकडे तोंड करून बसते. तिला सोडून कशी येऊ?' त्यानं त्यावर कधी वाद घातला नाही.

जनरल गादीवरून उतरला त्या वर्षीच्या, १९९० च्या हिवाळ्यात दारावर थाप पडली. आईनं उघडलं. ती रोज ज्याची वाट बघायची तो नव्हता. केस पिकलेले, गुडघा अधू, हातात एक पिशवी.

आईनं त्याला वरून खालपर्यंत पाहिलं. "जेवलायस का?"

"नाही, दोन्या सुनिल्दा," तो आईला अदबीनं म्हणाला.

"मग आत ये. लांब पायवाला तूच ना?"

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात, शेगडीवर साल ठेवलेली असताना, मी जपून ठेवलेला तो चौकडीचा रुमाल त्यानं माझ्यासमोर धरला. मी उठले. तो समोर आला आणि मध्येच थांबला.

"इथे उभा राहू?"

मी त्या जागेकडे पाहिलं. मग थोडी बाजूला सरकले, म्हणजे रेनानचीही जागा राहील, आणि म्हणाले, "राहा."

आई १९९६ च्या ऑगस्टमध्ये गेली, खुर्चीत, दाराकडे तोंड करून. बेन्यात २०११ च्या जूनमध्ये ह्याच घरात गेला, माझा हात हातात होता. रेनान कधी गेला, ते आम्हाला अजून कुणी सांगितलेलं नाही.