चटईवरचा हुंकारा

आम्ही बौद्ध माणसं. भूतखेत आमच्याकडे कोणी मानत नाही, मी तर मुळीच नाही. अंगारा-लिंबू घेऊन कोणी दारात आलं तर त्याच लिंबाचं सरबत करून पाजते आणि वाटेला लावते.

तरी हे लिहिते आहे.

मी तिसरी शिकलेली बाई. एक पान लिहायला मला अख्खा दिवस लागतो. खोटं सांगायला मी एवढे कष्ट घेतले नसते.

ज्याला हसायचं त्याने हसावं. पण त्या दुपारी त्या दारात मी स्वतः उभी होते, आणि माझे कान अजून शाबूत आहेत.

मागच्या वर्षीचा मे महिना. नवतपा लागला होता. ते नऊ दिवस नागपुरात दुपारी बारा ते पाच रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. घर सुभद्राचं, म्हणजे मला 'बाई' म्हणणाऱ्या माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीचं. मानेवाड्याच्या पुढे एका लेआउटमध्ये. तिनेच उभं राहून बांधून घेतलेलं. त्याआधी तिथे नुसती पऱ्हाटी होती, कापसाचं शेत. तिथे कोणी मेलं नाही, कोणाला पुरलं नाही. आधीच सांगून ठेवते, कारण सगळे पहिल्यांदा तेच विचारतात.

घरात तीन माणसं. सुभद्रा, तिचा मुलगा प्रेमानंद आणि सून हर्षा. प्रेमानंद सकाळी सातला बुटीबोरीला कारखान्यात जायचा तो रात्री आठला यायचा. हर्षा बी.एड. करत होती. परीक्षा संपली, सुट्टी लागली, आणि पोरीने विहाराच्या कपाटातून कादंबऱ्यांची थप्पी उचलून आणली.

"अभ्यासाले सुट्टी, अन् पुन्हा पुस्तकच?" सुभद्राने विचारलं. "परीक्षेत येते का ह्यातलं?"

"नाही आई. हे असंच."

"असंच म्हंजे?"

"मजा येते म्हणून."

मजेसाठी पुस्तक वाचायचं हे सुभद्राच्या डोक्यात शिरेना. मजेसाठी माणूस आंबा खातो, लग्नाला जातो. पण ती काही बोलली नाही. म्हणजे दोनच वाक्यं बोलली. तिच्या हिशेबी ते न बोलणंच.

आता एक रीत सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, वर्षावासात, आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ मोठ्याने वाचतात. वाचायचं काम हर्षाचं. समोर आम्ही बायका बसतो. आपण जाग्या आहोत, ऐकतो आहोत, हे वाचणारीला कळावं म्हणून अधूनमधून "हं" म्हणायचं. त्याला हुंकारा म्हणतात. आणि हुंकारा येतो आहे तोवर वाचणारीने पुस्तक मिटायचं नाही. ऐकणाऱ्याचा अपमान होतो.

सुभद्रा कधीच हुंकारा देत नाही. "मी काय नंदीबैल आहो, मान हालवाले?" म्हणते.

हर्षाला त्या वाचनाची इतकी सवय झालेली की कादंबरीही तिला मोठ्यानेच वाचावी लागे. समोरच्या खोलीत कूलर लावायची, खुर्ची ओढायची, आणि सुरू. सुभद्रा खाली चटईवर पडायची. अंगावर चादर, तोंड भिंतीकडे. झोपल्याचं सोंग.

आणि कान टवकारलेले!

कादंबरीत नर्मदा नावाची एक बाई होती. नवरा कोळशाच्या खाणीत कामाला गेला तो परतलाच नाही. ती त्याला शोधत गावोगाव फिरते. तो सापडतो का नाही, ह्या एका गोष्टीसाठी सुभद्राचा जीव वरखाली होत होता. पण सुनेला विचारायचं? वाचन सुरू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी हळूच म्हणाली,

"ते बाई अजून फिरूनच राहिली का?"

"कोणती बाई, आई?"

"काही नाही. चहा पी."

नवतप्याचा दुसरा दिवस. दुपारचे अडीच वाजले असतील. बाहेर ऊन पांढरं पडलेलं. कूलर घरघरत होता. नर्मदा खाणीच्या फाटकाशी पोचली. रखवालदाराने तिला नाव विचारलं. आणि…

"हं."

सुभद्राचे डोळे उघडले.

समोर भिंत. तिला वाटलं, पोरगी आपल्याला चिडवते आहे. सोंग ओळखलं वाटते हिने. ती गुपचूप पडून राहिली.

हर्षाने पान उलटलं. वाचत राहिली.

कूलरचा वारा सुभद्राच्या पाठीला लागत होता. तो एकदम थांबला. कूलर चालूच होता. पण वारा लागेना. जसं मध्ये कोणी येऊन बसलं…

"हं… मंग?"

अगदी पाठीशी. हातभर अंतरावर.

सुभद्राने वळून पाहिलं नाही. मला म्हणाली, बाई, मान वळवाले गेली, पण मान वळेचना.

दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम दुपारी खोलीत थांबली नाही. वाळत घातलेल्या कुरड्या काढायच्या म्हणून भर उन्हात गच्चीवर गेली, आणि जिन्याच्या सावलीत दीड तास बसून राहिली. चार वाजता खाली आली. हर्षाने चहा केला होता. पोरीचा चेहरा नुसता फुललेला.

"आई, एक सांगू? तुम्ही हुंकारा देता ना, तं वाचाले लय बरं वाटते."

सुभद्राचा कप ओठाशी तसाच राहिला.

"अन् आज तुम्ही म्हटलं, किती छान वाचते वं माय… मले रडूच आलं. दोन वर्षं झाली लग्नाले, तुम्ही कधी असं बोलल्या नाही."

सुभद्रा तेव्हा गच्चीवर होती.

पोरीला खरं सांगायचं तर दोन गोष्टी कबूल कराव्या लागत होत्या. एक, की आपण चोरून ऐकतो. दुसरी, की घरात काहीतरी आहे. तो शब्द स्वतःच्या घरात स्वतःच्या तोंडाने उच्चारायचा? आणि समोर पोरगी अशी हसत बसलेली.

"हो," सुभद्रा म्हणाली. "मीच देतो."

इतकंच बोलली.

ही तिची चूक. आम्हा बहिणींना आईकडूनच आलेली चूक ही. मी असते तर मीही हेच केलं असतं.

त्यानंतर हर्षा थांबेना.

आधी अडीच ते चार वाचायची, ती आता अकराला बसायची ते पाचपर्यंत. ती कादंबरी संपली. दुसरी सुरू झाली. घसा बसला. अंगात कणकण आली. जेवायला बसली की दोन घासांवर उठायची. पाणी प्यायला थांबली की…

"मंग?"

आणि ती हसायची. "थांबा ना आई, घसा सुकला. पिऊ द्या घोटभर."

सुभद्रा स्वयंपाकघरातून हे ऐकायची. 

एकदा तिने पुस्तक हिसकावलं. "पुरे झालं. आरशात पाह्य थोबाड, कसं झालं ते."

हर्षा तिच्याकडे बघतच राहिली. "काहून आई? तुम्हीच तं म्हणता, थांबू नको. तुम्हीच तं हुंकारा देता. मी कशी मिटू पुस्तक?"

सुभद्राने पुस्तक परत दिलं. स्वतःच हो म्हटलेलं.

नवतप्याच्या आठव्या दिवशी सुभद्राला डोळे दाखवायला धंतोलीला जायचं होतं. मोतीबिंदू. सोबत मी गेले. ऑटोत ती एक शब्द बोलली नाही. सुभद्रा आणि गप्प! मी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"काय झालं वं?"

"काही नाही, बाई. लवकर घरी जाऊ."

डॉक्टरकडे गर्दी होती. परतायला दीड वाजला. फाटक उघडलं तेव्हा हाताला चटका बसला. दाराला आतून कडी. कूलरचा आवाज येत होता. आणि हर्षाचं वाचणं. घसा पार बसलेला, घोगरा.

मी कडी वाजवायला हात उचलला.

आणि आतून…

"हं."

मी हात खाली घेतला.

तो सुभद्राचा आवाज होता. साठ वर्षं ऐकते आहे मी तो आवाज. पण सुभद्रा माझ्याशेजारी उभी होती. तोंडाला पदर गुंडाळलेला. तिचा हात माझ्या दंडावर.

"हर्षा!" तिने हाक मारली. "दार उघड."

वाचणं थांबलं.

"आई," हर्षा आत म्हणाली, "बाहेर कोणी तरी आवाज देऊन राहिलं."

थोडा वेळ नुसता कूलर.

मग आतून सुभद्राचाच आवाज आला. गोड. लाडाचा. असा आवाज सुभद्राने जन्मात काढला नाही.

"असन कोणी, माय. ऊन लय आहे, तू नको उठू. किती छान वाचते तू… मंग?"

आणि हर्षा पुन्हा वाचू लागली.

 सुभद्राने दोन्ही हातांनी दार बडवलं. "हर्षा, मी आहो! मी, तुही सासू!" आत वाचणं सुरूच. तिने प्रेमाने बोलून पाहिलं. "उघड न वं बेटा," म्हणाली. वाचणं सुरूच.

तेव्हा तिचं डोकं फिरलं.

"बैताड कुठची! सासूले उन्हात वाळत घालते का, कुरडई समजली का मले? अन् गॅसवर दूध ठेवलं असन तं गेलं असन उतू! तुह्या मायनं हेच शिकवलं का? उघडते का तोडू दार?"

आत पुस्तक मिटल्याचा आवाज झाला.

पावलं आली. कडी निघाली.

हर्षा दारात उभी. डोळे खोल गेलेले, ओठ फाटलेले. तिने सुभद्राकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग हळूहळू मान वळवून मागे पाहिलं.

खोलीत कोणी नव्हतं.

चटईवर चादर होती. चौकोनी घडी घातलेली.

"आत्ता तं…" हर्षा म्हणाली. "आत्ता तं पांघरून होत्या तुम्ही. भिंतीकडे तोंड करून. तुम्हीच म्हटलं, डॉक्टर भेटला नाही, मागच्या दारानं आलो…"

मागच्या दाराला आतून कुलूप होतं. मी स्वतः जाऊन पाहिलं.

त्या संध्याकाळी सुभद्राने सुनेला खरं सांगितलं. माझ्यासमोर, मान खाली घालून. हुंकारा मी नव्हतो देत. एकदाही नाही.

हर्षाने चटईकडे पाहिलं. मग तिने एकच विचारलं.

"छान वाचते म्हटलं, ते पण तुम्ही नाही?"

"नाही."

पोरगी तेव्हा रडली. भीतीने रडली नाही, हे मला कळलं. सुभद्रालाही कळलं.

पुस्तकं विहारात परत गेली. प्रेमानंद कोणा अंगारेवाल्याला बोलवू म्हणत होता. सुभद्रा म्हणाली, माह्या घरात असली माणसं येणार नाही. नर्मदेचा नवरा सापडला का नाही, ते तिने आजपर्यंत विचारलेलं नाही.

आठवडाभराने हर्षाला पहिल्यांदा भूक लागली. सुभद्राने गरम भाकर तव्यावरून थेट तिच्या ताटात टाकली. तिच्याही मनात काही साचलं असेल. सुनेच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली,

"जेव वं माय, पोटभर."

हर्षाच्या हातातून ताट पडलं. ती सरकत सरकत भिंतीला जाऊन टेकली. डोळे मोठे. 

"तुम्ही कोण आहा? आई कुठं आहे?"

सुभद्राने डोक्यावरून फिरवलेला हात मागे घेतला. मग तिने कमरेवर हात ठेवला.

"ताट पाडलं ते उचलन कोण, तुहा बाप? फरशी पूस आधी!"

तेव्हा कुठे हर्षाचा श्वास सुटला. "हो आई," म्हणाली, आणि हसत हसत फरशी पुसू लागली.

तेव्हापासून माझी बहीण सुनेशी एकही गोड शब्द बोलत नाही. लेआउटमधल्या बाया म्हणतात, काय कजाग सासू आहे. म्हणू दे. प्रेमाचं काही तोंडाशी आलं की ती गिळून टाकते आणि शिवी देते. हर्षा त्या शिवीवर निवांत झोपते. वर्षभर असं चाललं. बरं चाललं.

मागच्या रविवारपर्यंत.

रविवारी सकाळी सुभद्रा गच्चीवर एकटीच कुरड्या घालत होती. तासभर झाला असेल. तेवढ्यात हर्षा ओल्या हातांनी धावत जिना चढून आली. हसतच होती.

"आली ना, आई! इतकं काहून बोंबलता? बैताड म्हणा, काही म्हणा, पण हळू म्हणा ना, शेजारी ऐकतात. सांगा, काय पाहिजे?"

सुभद्राने उठल्यापासून तोंड उघडलं नव्हतं.

"मी कुठं होतो, आवाज दिला तेव्हा?" तिने विचारलं.

"खालीच. मी येईपर्यंत तुम्ही वर निघून आल्या," हर्षा म्हणाली. "समोरच्या खोलीत… चटईवर."

आणि हसता हसता थांबली.

हे सगळं सुभद्राने मला फोनवर सांगितलं. शेवटी म्हणाली, "बाई, शिव्या पण शिकलं ते. आता मी कोणत्या तोंडानं बोलू तिच्याशी?"