शेवटच्या पुलावरचं खेचर

तो बेंगळुरूतल्या आमच्या मराठी मंडळाच्या वाचनालयात आला तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि बरोबर चार वाजता आमच्या ग्रंथपाल रंजितानं त्याचा शाळेतला सगळा पराक्रम पुसून टाकला होता. दहा मिनिटांचा फरक. व्हाइटफील्डहून जे. पी. नगरला येणाऱ्याला एवढा उशीर म्हणजे काहीच नाही. त्या रस्त्यावर अडकलेल्या एका बसमध्ये माझ्यादेखत मुलगी बघण्याचा कार्यक्रम झाला, साखरपुडाही उरकला, आणि सिग्नल अजून लालच होता.

तर हा शुभंकर. मूळचा पुण्याचा. केसांत भुरभुर पावसाचे थेंब, हातात हेल्मेट.

"आईनं पुस्तकांचं खोकं पाठवलं होतं ना तुमच्याकडे... ॲक्चुअली, त्यात माझी व्हिडिओ गेमची कॅसेट आलीय. पिवळी. परत नाही मागत, राहू दे इथं. फक्त एकदा शेवटचा दरवाजा उघडू द्या. नववीत तिथंच अडकलो होतो, बाबांनी सगळं माळ्यावर टाकलं... चौदा वर्षं झाली."

रंजितानं हातातली पिवळी कॅसेट हळूच ओढणीखाली सरकवली.

त्याचं असं, की महिन्याभरात आमचा किशोर विभाग सुरू व्हायचा होता. पुस्तकांच्या जोडीला जुना टीव्ही, जुने खेळ. त्यातला हा 'धुक्याचा किल्ला' म्हणजे एकेकाळी पोरांना वेड लावलेला खेळ: एका मेंढपाळानं सात दिवे लावत धुक्यातल्या किल्ल्यापर्यंत जायचं. आणि आमच्याकडे रीत अशी, की देणगीत आलेल्या पुस्तकावरची जुनी नावं खोडरबरानं पुसून मगच ते कपाटात लावायचं. रंजिता तीन पिढ्यांची बेंगळुरूकर, रीतीला पक्की. कॅसेट लावली तर आत नाव दिसलं: 'शुभू. सातवा दिवा, शेवटचा पूल.' तिनं तेही पुसलं; नावाबरोबर त्याचा साठवलेला खेळही गेला.

आता तिनं माझ्याकडे पाहिलं. मी वर्तमानपत्रांच्या टेबलाशी होतो. गेली सत्तर वर्षं मी एकही सुट्टी न घेता थापा मारतोय, ती वाया थोडीच जाणार.

"कॅसेट म्हैसूरला गेलीय," मी म्हणालो.

"म्हैसूरला?"

"आतली बॅटरी बदलायला. ते काम येणारा एकच माणूस उरलाय. एरवी तो हत्तींच्या घंटा दुरुस्त करतो, मधल्या वेळात हे."

"किती दिवस लागतील?"

"ते हत्ती किती आहेत त्यावर आहे."

तो हसला. पण माझ्याकडे बघून नाही. "महिनाअखेरीस ऑफिस मला पुण्याला परत पाठवतंय," तो तिला म्हणाला. "त्याआधी झालं तर... मी शनिवारी येत जाईन."

तो गेला आणि रंजिता मटकन खुर्चीत बसली. "अण्णा, काय केलं मी हे."

"खरं सांगून टाक."

"तोंड बघितलं का त्यांचं? दरवाजा म्हणताना नववीतलं झालं होतं." तिनं ओढणीखालची कॅसेट बाहेर काढली आणि कानडीत स्वतःलाच 'ठीक आहे' म्हणाली. "सरी. मी खेळते. त्या पुलापर्यंत मीच नेऊन ठेवते."

आयुष्यात कॅरमच्या पुढे न गेलेली मुलगी. रोज दुपारी वाचनालय बंद झालं की टीव्हीसमोर बसायची. मेंढपाळाला तीनदा लांडग्यानं खाल्लं, पाचदा तो नदीत पडला. एकदा तर इतका दमला, की पडद्यावर जांभई देताना मी स्वतः पाहिलाय.

तिसऱ्या गावात लोहार भेटतो. मेंढपाळाबरोबर पहिल्यापासून एक खेचर असतं. ते द्या, म्हणतो, आणि तलवार घ्या. सगळे घेतात. रंजिता मात्र पडद्याकडे बघत राहिली.

"डोंगर यानं चढवून आणलं, अण्णा. नि आता देऊन टाकू?"

"खेळ आहे तो."

"असू दे."

आणि ती काठी घेऊन पुढे निघाली. त्यामुळे दुप्पट वेळ लागला, आणि अंगठ्याला फोड आला.

दुसऱ्या शनिवारी शुभंकरनं विचारलं, "किती हत्ती झाले?"

"अकरा," मी म्हणालो.

त्याची नजर तिच्या हातावर गेली. "अंगठ्याला काय झालं?"

"ते... तारखेचे शिक्के. फार मारले."

"असं," तो म्हणाला. तिसऱ्या शनिवारी येताना त्यानं चिकटपट्ट्यांचं पाकीट आणलं. "शिक्क्यांसाठी." मग कोपऱ्यात पुस्तक घेऊन तीन तास बसला. तीन तासांत एकच पान वाचलं, तेही अनुक्रमणिकेचं.

चौथ्या शनिवारी कॅसेट म्हैसूरहून 'आली'. बाहेर भुरभुर चालू होती. दोघं स्टुलांवर बसले. रंजितानं कॅसेटला फुंकर मारली, आत लावली. पडद्यावर नाव आलं: 'शुभू. सातवा दिवा, शेवटचा पूल.'

त्यानं बटण दाबलं. धुकं. मेंढपाळ. आणि त्याच्या मागे कान हलवत उभं असलेलं खेचर.

शुभंकरचं बोट बटणावरच थांबलं.

"माझ्याकडे तलवार होती," तो म्हणाला.

"मी पुसला तुमचा खेळ." रंजिता ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. "तुम्ही यायच्या दहा मिनिटं आधी. हा माझा आहे. सगळं तुमच्यासारखं करायचं होतं, पण ते खेचर... देववलं नाही."

"माहितीय."

"काय माहितीय?"

"दुसऱ्या शनिवारपासून माहितीय. शिक्के मारून डाव्या अंगठ्याला फोड येत नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर..." तो पडद्याकडेच बघत होता. "तर शनिवारी यायला काय कारण होतं?"

मी वर्तमानपत्र जरा वर धरलं.

मेंढपाळ पुलावर गेला. धुक्यात फळ्या दिसत नाहीत; नववीत तो इथूनच शंभरदा खाली पडला होता. खेचर पुढे झालं. एका फळीपाशी थबकलं, नाक लावलं, बाजूनं गेलं. तो मागोमाग. पुन्हा थबकलं... पुन्हा बाजूनं. पूल संपला आणि दरवाजा आपोआप उघडला. आत खजिना नव्हता. पेटलेली चूल होती, आणि कोपऱ्यात गवताचा भारा.

"म्हणजे चौदा वर्षं," तो हळूच म्हणाला, "मी तलवार घेऊन रडत होतो."

"स्वल्प चुकलात," ती म्हणाली, आणि मग दोघंही हसले.

"उद्या किशोर विभागाचं उद्घाटन आहे," थोड्या वेळानं ती म्हणाली. "हेही पुसायला लागेल. रीत आहे."

"पूस ना."

त्या 'पूस'वर ती एकदम वर बघून थांबली. मग चिकटपट्टी लावलेला अंगठा तिनं बटणावर ठेवला, आणि त्यानं त्यावर आपला. पडद्यावरची नावांची यादी कोरी झाली.

"आणि पुणं?" तिनं विचारलं.

"ऑफिसला सोमवारी उत्तर द्यायचंय. नाही म्हणून सांगणार आहे. जर... म्हणजे, जर इथं कोणाला पुन्हा पहिल्या दिव्यापासून खेळायचं असेल तर."

"दोघांना खेळता येतो हा?"

"एकानं खेळायचं. दुसऱ्यानं शेजारी बसून चुका सांगायच्या."

"चालेल." ती पडद्याकडे बघत राहिली. "पण तिसऱ्या गावात लोहार काहीही देऊ दे—"

"खेचर द्यायचं नाही."

"सरी," ती म्हणाली. अंगठा तिनं अजून काढून घेतला नव्हता.

त्यांच्या लग्नाला म्हैसूरहून अकरा हत्ती आले होते, असं मी वाचनालयात सगळ्यांना सांगतो. रंजिता पुस्तकावरनं मान वर न करता म्हणते, "अण्णा, एक खेचर होतं. तेही पत्रिकेवर."