खरखर जाईपर्यंत

चाळीस वर्षं मी रेडिओ दुरुस्त केले. चौथीनंतर शाळा पाहिली नाही, पण खरखर कुठून येते हे मला कुणी शिकवायला नको. त्या दुपारी मुलीने हाक मारली, तेव्हा स्क्रूड्रायव्हर खिशात टाकून माडीवर गेलो.

टेबलावर तिची पेटी होती. सिंथेसायझर म्हणतात. चौकटीत यंत्राचे सुटे तुकडे स्क्रूने बसवायचे. एक सूर काढतो, एक तो कापतो, एक लय धरतो. वायरींनी हवे तसे जोडायचे. हिने तीन वर्षांत बेचाळीस तुकडे जमवले होते. कुठलाही आवाज निघेल म्हणे. धड एकही निघाला नव्हता. एक ना धड, भाराभर चिंध्या.

नाटकवाल्या बाईंना संध्याकाळपर्यंत दोन मिनिटांचा सूर हवा होता. हिने दोनदा तारीख चुकवली होती. आज चुकली तर पुन्हा कुणी दारात उभं करणार नव्हतं.

"बाबा, सूर सापडलाय. पण त्याच्याखाली खरखर आहे. सकाळपासून डोकं फुटायची वेळ आलीये."

"एका घरात बेचाळीस तोंडं. खरखर होणारच. एकेक काढायचं आणि ऐकायचं. जाईपर्यंत काढत राहायचं."

"हा तरी राहू दे हो."

"काय करतो हा?"

"काहीही करू शकतो."

"म्हणजे काही करत नाही. काढ."

प्रत्येक तुकड्यावर अशी हुज्जत. शेवटी चार उरले. सूर भरला. एकच, खोल, विहिरीत उतरत जावं तसा. खरखर कमी झाली, गेली नाही. वायरी बदलल्या, प्लग बदलला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खरखर मला सापडली नाही, असं आजवर झालं नव्हतं.

मग तिने भिंतीवरचं घड्याळ काढून जिन्यात ठेवलं.

"त्याचा काय संबंध? ते सेलवर चालतं."

"ऐका..."

खरखर कमी झाली होती.

खुर्ची बाहेर नेली. अजून कमी. पुस्तकं नेली. अजून कमी. लाकडाचा नि कागदाचा वायरीशी काय संबंध? चिडत होतो, पण उन्हं कलली होती आणि उपाय लागू पडत होता, म्हणून ओझी वाहिली. खोलीत तापलेल्या धुळीचा वास भरला. ती जमिनीवर बसली होती. माझ्याकडे बघत नव्हती.

"बाबा, तुम्ही जरा बाहेर जाता?"

"मी गप्पच बसलोय."

"तरी..."

गेलो. तिने दार लोटलं. त्या सामानात मी उभा राहिलो आणि आतला सूर आणखी स्वच्छ झाला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

अजून केसाएवढी खरखर होती. आता आत काढण्यासारखं काय उरलंय, ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मी दारावर थापा मारल्या.

"पोरी, राहू दे! एवढी चालते!"

ढकललं तर दार हलेना. आतून कडी नव्हती त्याला.

खरखर गेली.

दार आपसूक उघडलं. ती हसत उभी होती. "झालं, बाबा."

नाटकवाल्या बाई खूश झाल्या. आता कामांची रीघ लागलीये. पोरीने नाव काढलं, म्हणतात लोक. मी मान डोलावतो. जाईपर्यंत काढत राहायचं, हे तिला शिकवणारा मीच.

काल दुपारी ती सतरंजीवर झोपली होती. मी वाकून तिच्या तोंडाशी कान नेला. माझे कान शाबूत आहेत. शेजारच्या घरात चमचा पडला तरी मला कळतो.

छाती वरखाली होत होती. श्वास माझ्या गालाला लागत होता, गार.

आवाज नव्हता.