नावाआधीचा गुद्दा

श्रीरामपूरहून जया निघाली ती खुशीत. पिशवीत स्वतः शिवलेली कुंची, रुमालात बांधलेले चांदीचे वाळे, आणि शिलाईच्या दुकानाला दोन दिवस कुलूप. भाचीचं बारसं होतं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि सांगून झालं की बायाबापड्यांचे गुद्देही आत्याच्याच पाठीत. त्यामुळे जयाशिवाय त्या घरात पाळणा हलणार नव्हता.

नगरला गाडी बदलून जामखेड येईस्तोवर तिला अकरा फोन आले. सहा आईचे, पाच भावजयीचे.

आई, म्हणजे दगडाबाई, फोनवर सुद्धा शेतातून हाक मारल्यासारखी बोलायची. "म्हातारीचंच नाव ठिवायचं, जये. ती जाऊन वरीस न्हाई झालं अन् पोरगी झाली. तीच आलीय माघारी! दुसरं नाव ठिवलं तर मी पाळन्याच्या दोरीला हात लावनार न्हाई."

म्हातारी म्हणजे दगडाबाईंची सासू, जयाची मनकर्णाआजी.

आणि भावजय धनश्री दबक्या आवाजात, "ताई, निहिराच हं! शाळेत मनकर्णा म्हणून हाक मारली तर पोरगी रडत घरी येईल. ते नाव ठेवलं ना, तर मी उद्याच तिला घेऊन माहेरी जाईन."

"निहिरा?" दगडाबाईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "न्याहारीला बोलीवल्यागत वाटतं."

सुनील, बाळाचा बाप, यात पडलाच नाही. "तुमी तिघी काय ते ठरवा," म्हणाला आणि मांडवाच्या कनाती बघायला पळाला. पुरुष माणसं अशा वेळी बरोबर कनाती बघायला जातात.

जयाचं मात्र इकडे आड, तिकडे विहीर. एकदा कानात गेलेलं नाव परत काढता येत नाही, निदान त्या गावात तरी कुणी काढलेलं नव्हतं. आई रुसली तर वर्ष वर्ष बोलायची नाही, आणि धनश्री गेली तर सुनीलचं घर ओस. पण जयाचा जीव आजीवर. मनकर्णाआजी बारशांमधली नावाजलेली गुद्देवाली. तोंडात सदा मशेरी, बोटं काळी, आणि धपाका असा की आत्याबाई पाळण्यातच पडायची बाकी राहायची. "जोरात मारला की नाव पक्कं बसतं," म्हणायची आणि पदराआड हसायची. गेली तशी घरातली मशेरीची डबीसुद्धा तिच्याबरोबर गेली. बसमधून उतरताना जयानं मनाशी ठरवून टाकलं. मनकर्णाच. धनश्रीची समजूत मागून काढू.

बारसं भर दुपारी होतं. ऊन असं की पत्रा कडकड वाजत होता. बाळंतिणीच्या खोलीला वारा नको म्हणून खिडकीवर चादर टांगलेली, त्यामुळे आत अंधार, धुरीचा वास आणि घामेजलेल्या बायांची कुजबुज. पाळणा भिंतीलगत टांगला होता. भिंत आणि पाळणा यांच्यामध्ये हातभर जागा. तिथं जया उभी राहिली, पाठ भिंतीला. बाकी साऱ्या बाया समोर.

आधी वरवंट्याची पाळी. आजीच्याच पाट्यावरचा वरवंटा, त्याला टोपडं घातलेलं. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या," म्हणत तो पाळण्याखालून वर, वरून खाली असा फिरू लागला. जयाच्या हातात आला आणि ती चपापली. दगड ऊबदार होता. नुकतंच कुणीतरी मांडीवरून उतरवून दिलेलं लेकरू असावं तसा.

"चुलीपाशी ठिवला हुता का गं, काकू?" तिनं विचारलं.

"न्हाई बाई. मोरीतनं धुऊन आनला," शेजारची राजेश्वरीकाकू म्हणाली.

वरवंटा पाळण्याखाली ठेवला. मग बाळ पाळण्यात आलं. बारा दिवसांचं लेकरू, पण टक्क जागं. जयाकडे बघेना. जयाच्या खांद्याच्या वर, भिंतीकडे बघत होतं, आणि हसत होतं.

"सटवाई हसवती तिला," कुणीतरी म्हणालं. बाया खिदळल्या.

जया वाकली. ओठ त्या इवल्याशा कानाला लावले. "मन..."

धप्प!

पाठीत असा गुद्दा बसला की तिचा श्वासच गेला.

"अगं थांबा की! नाव कुठं घेतलंय अजून?" ती कळवळून म्हणाली.

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. गल्लीतल्या चांगुणाच्या दोन्ही हातांत घुगऱ्यांचं पातेलं. राजेश्वरीकाकूच्या हातात ओवाळणीचं ताट. दगडाबाई हाताची घडी घालून, रुसायच्या तयारीत.

"कुनी मारलं न्हाई, जये," दगडाबाई म्हणाल्या. "तुझ्या मागं... भिंत हाय."

जयानं मागं हात नेला. भिंतच होती. खरखरीत, गार. आणि मग तिला वास आला. धुरीच्या खालून हळूहळू वर येणारा, जळक्या तंबाखूचा. मशेरी!

पण पोरगी जिद्दीची. पुन्हा वाकली. "मनक..."

धप्प. या खेपेला जरा हळू. लाडानं मारल्यागत.

आणि जयाला आठवलं. आजी अंथरुणाला खिळली होती तेव्हाचं. म्हातारपणाची बडबड म्हणून हसण्यावारी नेलेलं.

"माझं नाव कुनाला देऊ नगा गं," आजी म्हणाली होती. "माझ्या आधीची भन, तिचं नाव मनकर्णा. चार वरसाची गेली. मग मी झाले, तिचंच नाव मला ठिवलं. जलमभर कुनी हाक मारली की आमी दोघी वळायचो... मेल्यावर तरी निवांत पडू द्या. हाक आली की यावं लागतं."

जयाचे डोळे भरून आले. तिनं कानाशी तोंड नेलं आणि एका दमात सांगून टाकलं, "निहिरा! कुर्रर्र!"

मग मात्र बायांनी समोरून, बाजूनं हात घालून हळदीच्या हातांनी तिची पाठ मनसोक्त बडवली. धनश्री रडत रडत हसत होती. दगडाबाई तोंड फिरवून निघाल्याच होत्या, तेवढ्यात जया भिंतीपासून पुढं झाली आणि त्यांची नजर लेकीच्या पाठीवर गेली. पोपटी पोलक्यावर पिवळ्या बोटांची गर्दी, आणि त्या गर्दीत दोन ठसे काळे. दगडाबाईंनी एकावर बोट घासलं, नाकाशी नेलं. मशेरीच! जयानं आजीचं बोलणं सांगितलं. दगडाबाई पाळण्यापाशी आल्या, दोरी हातात घेतली आणि अडखळत का होईना म्हणाल्या, "नि...हिरा."

घुगऱ्या वाटल्या, पेढे वाटले, सुनीलही कनाती सोडून आला. एकूण बारसं झकास झालं.

दिवेलागणीला बाया पांगल्या. धनश्रीचा डोळा लागला होता. सुनील अंगणात कनाती उतरवत होता. दगडाबाई पाळणा हलवत होत्या, जया शेजारी वाळे पुसत बसली होती.

"जये," दगडाबाई हळूच म्हणाल्या, "चाळीस वरसं एका चुलीपुढं भांडलो आमी. पन सासूचं नाव सुनंनं घ्यायचं न्हाई, म्हनून एकदाबी माझ्या तोंडात आलं न्हाई. वाटलं हुतं, नातीच्या निमतानं तरी घ्यावं... लई आठवन येती गं तिची."

जयाला भडभडून आलं. आईला सासूची आठवण येते, हे तिला आजच कळत होतं.

"एकदाच घेऊ?"

"आई, नको..."

पण दगडाबाई नव्या नवरीसारख्या लाजून पाळण्यावर वाकल्यासुद्धा. "मनकर्णा..."

बाळ ढिम्म हललं नाही.

"बघ. काय झालं न्हाई," दगडाबाई हसल्या.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून, जिथं कुणीच नव्हतं, घोगरा, थकलेला आवाज आला. "ओऽ..."

दगडाबाईंच्या हातातून दोरी सुटली.

आणि लगेच, अगदी जवळून, पाळण्याच्या खालून, चार वर्षांच्या पोरीचा आनंदानं उडी मारल्यासारखा आवाज. "ओऽ!"