मिक्सरवरचा लाल ठिपका

त्या सोमवारी मी शिरोलीला गेलतो ते फक्त एक दिवा बसवायला. तासा-दीड तासाचं काम. दुपारी जेवायला घरी येतो म्हणून शिवलीलाला, माझ्या बायकोला, सांगून निघालो होतो.

२००३ सालचा ऑगस्ट. उद्यमनगरात माझं दुकान होतं. कारखान्यांचे पॅनेल, भोंगे, धोक्याचे दिवे असली कामं मी करायचो. पंचगंगेचा पूल ओलांडून एमआयडीसीत शिरलो तेव्हा रस्ते मोकळे होते. सोमवारी सुट्टी असते तिथं. भट्ट्या थंड, शेडं बंद. ज्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मला जायचं होतं तिचं नाव सांगत नाही. सांगून काय उपयोग? मालक आता तिसराच आहे.

फाटकावर मॅनेजर हंबीरराव स्वतः छत्री घेऊन उभा होता. एवढा मोठा माणूस माझ्यासाठी फाटकावर येतो, तेव्हाच मला ओळखायला पाहिजे होतं.

"या सोमाण्णा. च्या घेनार?"

"नको. काम आटपतो आधी."

"व्हय. आटपाच. उद्या फॅक्टरी इन्स्पेक्टर येनार हाय."

काम होतं वाळूच्या मिक्सरवर. ओतकामाची वाळू कालवायचं ते यंत्र. माणसाच्या उंचीची लोखंडी गोल टाकी, आत जात्यासारखी दोन जड चाकं, एकेक बैलाच्या वजनाचं. वाळू टाकीच्या भिंतीला चिकटून बसते, म्हणून दिवसातून एकदा कुणीतरी आत उतरून ती खुरप्यानं खरडायची. मिक्सर चालू करायचं बटन भिंतीपलीकडच्या केबिनमध्ये, तिथून टाकी दिसत नाही. म्हणून टाकीवर पिवळा दिवा. बटन दाबलं की तो दहा वेळा उघडझाप करणार आणि मगच चाकं फिरणार. आतल्या माणसाला बाहेर यायला तेवढाच वेळ.

पंधरा दिवसांपूर्वी ज्ञानू आत होता. शाहूवाडीकडचा, चाळिशीतला, गप्प राहणारा माणूस. पलीकडून सयाजीनं बटन दाबलं. दिव्याचा बल्ब गेलेला होता. दहा उघडझापींचा वेळ अंधारातच गेला आणि चाकं फिरली.

बल्ब गेलेला होता हे मला माहीत होतं. एप्रिलमध्ये दुसऱ्या कामासाठी आलो होतो, तेव्हा मीच हंबीररावला म्हणालो होतो, "साहेब, मिक्सरवरचा दिवा बंद आहे." तो म्हणाला, "बघू की." आणि मी पुढच्या कामाला लागलो. कागदावर लिहून दिलं नाही, परत विचारलं नाही. वीस रुपयांचा बल्ब माझ्या पिशवीत होता, तोही लावला नाही. ही गोष्ट मी शांतपणे सांगू शकत नाही. राग अजून जात नाही, आणि सगळाच राग हंबीररावावर नाही.

आता ते लोक शहाणे झाले होते. नवा दिवा मागवला होता, स्वतःवर लक्ष ठेवणारा. त्याच्या बल्बमधून सतत अगदी बारीक करंट जात असतो. बल्ब गेला, तार तुटली, की दिव्याच्या पेटीवर लाल ठिपका पेटतो आणि मशीन चालूच होत नाही. आपली नाडी आपणच धरून बसलेला दिवा. असला दिवा पंधरा दिवस आधी असता तर...

शेडमध्ये ओल्या वाळूचा आणि जळक्या कोळशाचा वास कोंडला होता. पत्र्यावर पाऊस बारीक वाजत होता. मिक्सरजवळ सयाजी बसला होता. पन्नाशीचा गडी, पंधरा दिवसांत सत्तरीचा दिसायला लागला होता.

"तात्या, तुम्ही कशाला आलासा सुट्टीचं?"

"बोलवलंया. बटन दाबाय मानूस पायजे म्हनं."

त्यानं मिक्सरकडे पाठ केली होती. बोलतानाही त्यानं तिकडं सरळ बघितलं नाही.

मी दिवा बसवला, तारा जोडल्या, आणि तपासणी सुरू केली. पहिली तपासणी सोपी. मुद्दाम बल्ब काढायचा. काढला. लाल ठिपका पेटला. सयाजीनं केबिनमध्ये जाऊन बटन दाबलं, मशीन हललं नाही. बरोबर. मग बल्ब परत लावला. आता ठिपका विझायला पाहिजे.

विझला नाही.

बल्ब बदलला. ठिपका तसाच. मीटर लावला. व्होल्टेज बरोबर, करंट बरोबर, तार कुठं तुटलेली नाही. दिवा काढून केबिनमधल्या टेबलावर जोडला, तर ठिपका लगेच विझला. तिथं दहा वेळा तपासला, दहाही वेळा बरोबर. परत मिक्सरवर चढवला, की लाल.

पिशवीत दुसरा नवा दिवा होता. तो लावला. तोही लाल.

वीस वर्षं हेच काम केलेला माणूस मी. यंत्र खोटं बोलत नाही, आपल्याला ऐकायला येत नाही, असं मी सगळ्यांना सांगायचो. शिडीवर उभा राहून मी त्या ठिपक्याकडे बघत राहिलो, आणि खालून सयाजी हळूच म्हणाला,

"अण्णा... आत कोन हाय का, बघितलासा का?"

"तात्या, हा दिवा आत बघत नाही. फक्त स्वतःला बघतो."

"तसं न्हवं... ऐका की जरा."

मी ऐकलं. पाऊस. पत्रा. आणि त्याखाली, अगदी माझ्या पायांशी... खर्र. थांबून परत, खर्र. लोखंडावरून खुरपं ओढल्यासारखं. घाई नाही, भीती नाही. दिवसाचं काम करणाऱ्या माणसाचा तो आवाज होता.

"रोज ह्याच टायमाला खरडायचा त्यो," सयाजी म्हणाला. घड्याळात सव्वाबारा वाजले होते.

मी झाकण उघडलं. आवाज थांबला. आत कुणी नव्हतं. टाकीच्या भिंतीला हातभर जाड वाळू चिकटून वाळली होती. पंचनाम्यानंतर तिला कुणी हात लावला नव्हता. फक्त एका बाजूला, पाटाएवढी जागा स्वच्छ खरडलेली. खालचं लोखंड चमकत होतं. खरडलेली वाळू खाली पडलेली, आणि ती ओली होती.

मी शिडीवरून उतरलो, मेन स्विच खाली ओढला, तिन्ही फ्यूज काढून खिशात घातले. त्या शेडमध्ये आता विजेचा थेंब नव्हता.

लाल ठिपका पेटलेलाच होता.

तेवढ्यात हंबीरराव आला. हातात टाईप केलेला कागद, वर पेन.

"झालं न्हवं? हितं सही मारा."

मी वाचलं. जुन्या दिव्याचा तपासणी अहवाल. 'सदर दिवा सुस्थितीत व चालू असल्याचे आढळले.' तारीख अपघाताच्या आधीच्या आठवड्याची. खाली माझं नाव, दुकानाचा शिक्का मारायला जागा.

"ही तारीख खोटी आहे, साहेब."

"तारीख काय खरी आनि काय खोटी. मानूस तर गेला. दिवा चालू हुता, त्येचंच ध्यान न्हवतं, असं लिवलं की सगळं मिटतंय."

"एप्रिलमध्ये मी तुम्हाला सांगितलं होतं."

"लिवून दिलतंसा?"

मी खिशातले फ्यूज चाचपले.

"मग?" तो हसला. "सोमाण्णा, आमच्या चार फाउंड्र्यांचं काम तुमच्याकडं हाय. पोरं शिकालाईत तुमची. कशाला वाईटपना घेतासा?"

मी पेन हातात घेतलं. हे लपवत नाही. घेतलं. सयाजी माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या बघण्यात राग नव्हता, हेच मला सहन झालं नाही. ज्ञानूला मी दोनदा-तीनदा भेटलो होतो. एकदा त्यानं माझी शिडी धरली होती, काम संपेपर्यंत, न सांगता.

मी पेन खाली टाकलं. "नाही करत. आणि आधी आत बघा. कोणीतरी खरडतंय आत."

हंबीररावचा चेहरा लाल झाला. "येडं लागलंय का दोघास्नी? मेलेल्या मानसाच्या नावानं भ्या दावतासा मला?" त्यानं माझ्या पिशवीतली बॅटरी उचलली, शिडी चढला, आणि झाकण पुरतं मागे आपटून कंबरेपर्यंत आत वाकला. "ह्ये बघा! कोन हाय? कोन न्हाय! रिकामं हाय सगळं!"

टाकीत त्याचा आवाज घुमला. घुमून विरला. आणि पिवळा दिवा पेटला.

पेटला, विझला.

बटनाजवळ कुणी नव्हतं. फ्यूज माझ्या खिशात होते, मी मुठीत धरले होते.

"एक," सयाजी म्हणाला. त्याला तरी कळलं होतं का आपण मोजतोय, देव जाणे. "दोन..."

"साहेब, बाहेर या!"

"तीन... चार..."

हंबीरराव बाहेर येत नव्हता. त्याचे पाय शिडीवर घसरत होते, बूट लोखंडावर वाजत होते. मी चढून त्याला कंबरेला धरलं. ओढलं. तो हलेना. जड नव्हता तो. त्याला दुसरीकडून कुणीतरी धरलेलं होतं.

"पाच... सा..."

"सोड!" आतून ओरडला. मला नाही. "सोड की!"

"सात..."

पिवळा उजेड त्याच्या पाठीवर येत होता, जात होता. मला आत काही दिसलं नाही. दिसावं असं वाटलंही नाही. मी डोळे मिटून ओढत होतो. सयाजी मोजत मोजतच आला, त्यानं माझी शिडी धरली.

"आठ... न्हऊ..."

"चूक झाली!" हंबीरराव किंचाळला. "दिवा बंद हुता... मला ठावं हुतं, ज्ञानू... सोड!"

आणि धरलेलं सुटलं. आम्ही तिघं एकावर एक खाली पडलो. दिव्यानं दहावी उघडझाप केली. मग टाकीत ती दोन चाकं फिरली. मोटरचा आवाज नाही, पट्ट्याचा नाही. नुसतं वजन वजनावरून गेल्याचा आवाज. एक पुरता फेरा. खालची वाळू करकरली, आणि सगळं थांबलं.

लाल ठिपका विझला होता.

हंबीरराव जमिनीवर बसून मनगट चोळत होता. तो टाईप केलेला कागद चिखलात पडला होता. मी तो उचलला, उलटा केला, आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं. दिवा एप्रिलपासून बंद होता. मी तोंडी सांगितलं होतं, लेखी दिलं नाही, ती चूक माझी. मॅनेजरला माहीत होतं. खाली सही केली. सयाजीनं हात पुढं केला. "आना हिकडं." त्यानंही सही केली, अक्षर अक्षर जुळवत.

कागद मी त्याच संध्याकाळी फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या ऑफिसात नेऊन दिला. पुढचं सोपं नव्हतं. आठ महिने चौकशी चालली. हंबीरराव नोकरी सोडून गेला, कुठं ते कळलं नाही. चार फाउंड्र्यांचं काम माझ्या हातून गेलं. शिवलीला एकदाही टोचून बोलली नाही. शेवटी अहवालात एक ओळ आली, 'कामगाराचा दोष नाही.' बस्स, तेवढीच. तेवढ्यासाठी एवढं सगळं.

ती ओळ घेऊन मी आणि सयाजी पावसाळा लागल्यावर ज्ञानूच्या गावी गेलो. त्याची बायको चिमणाबाई भाताच्या खाचरात होती. चिखलाच्या पायांनीच बांधावर आली. सयाजी तिच्यापुढं खाली बसला, म्हणाला, "वयनी, बटन मी दाबलं."

तिनं हाताचा चिखल पदराला पुसला. मग म्हणाली, "बटन तुमी दाबलंसा. दिवा कुनी विझवला, ते सांगा." आणि नंतर माझ्याकडे वळून, "तुमी आदी का बोलला न्हाईसा?"

ती परत खाचरात उतरली. आम्हाला तिनं पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि बरोबरच केलं.

मला वाटलं, संपलं.

त्याच्या पुढच्या वर्षी, २००५ च्या मार्चमध्ये, गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीतून फिटरचा फोन आला. वाळूच्या मिक्सरवर तसलाच दिवा बसवला होता त्यांनी, दुसऱ्या कुणाकडून. "लाल जाईना झालंय वो. सगळं चेक केलं."

मी गेलो. भर दुपारी, उन्हात. मीटर लावला. सगळं बरोबर होतं.

"ह्या मशीनवर कधी कोण गेलंय का?" मी विचारलं.

फिटर हसला. "कोन जानार? कोरं हाय मशीन. परवा ट्रकमधनं उतरवलंय. अजून एकदाबी फिरवल्यालं न्हाय."

त्यानं झाकण उघडलं. आतला रंग ताजा होता, वाळूचा कण नव्हता. कंपनीनं टाकीच्या तोंडावर ताणून बसवलेलं पारदर्शक प्लास्टिकसुद्धा चारी बाजूंनी तसंच चिकटलेलं होतं.

प्लास्टिकच्या मधोमध, आतल्या बाजूनं, कुणी तोंड जवळ आणून श्वास सोडावा तसा तळहाताएवढा वाफेचा डाग धरला होता. आमच्या डोळ्यांदेखत तो हळूहळू विरला... आणि थोड्या वेळानं, तिथंच, पुन्हा धरला.